इर्माचा उजवा हात

इर्मा पावलिकचा उजवा खांदा गेला तो कर्लिंगच्या प्रांतिक अंतिम सामन्यात, आठव्या डावात, आणि गेला तेव्हा आवाज झाला. मोठा नाही. थंडगार गाजर मधोमध मोडावं, एवढाच. शेजारी बेव्ह भात्यासारखी धापा टाकत होती, समोरच्या रिंगणातून कप्तान ग्लेना "झाड, झाड, झाड" म्हणून बर्फ झाडायला कोकलत होती, खाली वीस किलोचा दगड बर्फावरून घरघरत चालला होता, आणि एवढ्या गोंगाटातही इर्माला तो आवाज आला. म्हणजे कानांनी नाहीच. हाडांनीच ऐकला असणार.

तो सामना त्या जिंकल्या.

एकोणीस वर्षं. एकोणीस हिवाळे चौघी एका संघात, चार वेळा प्रांताच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन चारही वेळा हात हलवत परत, आणि पाचव्या वेळी ओलेस्क नावाच्या, नकाशात शोधायला भिंग लागेल अशा गावातल्या चार बायका सस्कॅचेवान प्रांताच्या विजेत्या. आता राष्ट्रीय स्पर्धा. टीव्हीवर. पाठीवर प्रांताचं नाव छापलेलं हिरवं जॅकेट. बेव्ह रडत होती, डोना रडत होती, ग्लेना सुद्धा रडत होती, आणि ग्लेना म्हणजे स्वतःच्या लग्नातही न रडलेली बाई. फोटोवाल्याने हात वर करा म्हटलं तेव्हा डोनाने इर्माचा उजवा हात धरून झटक्यात वर नेला. इर्माच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. ती दात दाखवून हसली. सगळ्यांना वाटलं, हीसुद्धा रडतेय.

कर्लिंगच्या संघात चौघी असतात आणि इर्मा पहिली. पहिली म्हणजे मोठी नव्हे. पहिली म्हणजे जी पहिले दोन दगड सोडते, जेव्हा पलीकडच्या टोकाला बर्फावर आखलेल्या रिंगणात अजून काहीच नसतं आणि कुणी नीट बघतही नसतं. मग उरलेल्या तिघींचे सहा दगड पुढे ढकलायचे, म्हणजे हातांनी नव्हे, त्यांच्यापुढचा बर्फ ब्रशने घासघासून गुळगुळीत करायचा, की दगड चार हात जास्त जातो. दहा डाव, दर डावाला सहा दगड. टाळ्या शेवटचा दगड टाकणाऱ्या कप्तानाला. इर्माला त्याचं कधी काही वाटलं नाही. बाराव्या वर्षी वडिलांनी ओलेस्कच्या दोन पट्ट्यांच्या रिंकमध्ये तिच्या हातात झाडू दिला, तेव्हापासून तिला एकच गोष्ट आवडायची. आपण घासला म्हणून दगड तिथे पोचला. हे फक्त तिला आणि दगडाला माहीत असायचं, आणि तेवढं पुरायचं.

गावातल्या डॉक्टरने खांदा वर उचलायचा प्रयत्न केला, इर्माने टेबलाची कड धरली.

"स्नायूची दोरी तुटलीय," तो म्हणाला. "कापावं लागेल. मग सहा महिने आराम."

"तीन आठवड्यांनी मला खेळायचंय."

"इर्मा, तुला सध्या केस विंचरता येत नाहीत."

"केस विंचरून कोण खेळतं," इर्मा म्हणाली आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठली.

आता खरं तर सरळ मार्ग होता. राष्ट्रीय स्पर्धेला जाताना संघाला पाचवी खेळाडू नेता येते. ग्लेनाने आपली भाची टेसा हिला घेतलं होतं. एकोणीस वर्षांची पोरगी, कनिष्ठ गटात प्रांतात दुसरी आलेली, दंड असे की ब्रश घासायला लागली की बर्फाने माफी मागावी. इर्माने फोन उचलून एक वाक्य बोलायचं, की टेसा पहिली आणि इर्मा पाचवी. पाचवीला पण हिरवं जॅकेट मिळतं. पाचवीला पण फोटोत उभं करतात. मग पाचवी बाकावर बसते आणि थर्मासमधली कॉफी ओतते.

आणि हे वाक्य बोलायचं असा नियमही होता. दर ऑक्टोबरात चौघी डोनाच्या स्वयंपाकघरात पेरोगी करायला बसत. पिठाचे हात, बटाट्याचं सारण, खिडकीवर वाफ, आणि त्या हिवाळ्याचे संघाचे नियम तिथेच ठरत. दोन वर्षांपूर्वी डोना पाठदुखी लपवून खेळली आणि त्या अंतिम सामना हरल्या. तेव्हा सगळ्यांत जास्त कोण भडकलं होतं? इर्मा. तिनेच लाटणं ओट्यावर आपटून म्हटलं होतं, "जिला लागलं तिने सांगायचं आणि बसायचं. कप्तान असली तरी." चौघींनी पिठाचे हात एकावर एक ठेवले होते.

इर्माने फोन उचलला नाही.

"सांगितलंस का ग्लेनाला?" जेवताना लॉर्नने विचारलं. लॉर्न तिचा नवरा, रिंकचा बर्फ तोच बनवायचा. त्यामुळे त्याच्या मिश्या कायम ओल्या आणि बोलणं कायम कमी.

"थोडा आखडलाय म्हटलं."

"थोडा."

"लॉर्न, मी त्रेचाळीस वर्षांची आहे. टेसाला अजून वीस संधी मिळतील. मला ही एकच."

"मी काही म्हटलं का?"

"तू काही न म्हणता फार बोलतोस."

लॉर्नने काटा खाली ठेवला. "ब्रश उलट्या बाजूने धर," तो म्हणाला. "डावा हात खाली, उजवा नुसता टेकवायला. दगड सोडायला तुला खांदा लागत नाही, पाय लागतात. पण बेव्हला कळेल."

"बेव्हला बेव्ह सोडून काही कळत नाही."

हे लॉर्नने शिकवलं याबद्दल त्याला पुढे फार वाईट वाटलं. पण त्या तीन आठवड्यांत तो रोज सकाळी, शाळेच्या बसच्या वेळेआधी, तिच्यासाठी एक पट्टी तयार ठेवायचा आणि ती उलट्या हाताने घासायला शिकायची. मग बस चालवायची. बसचं दार उघडायचा दांडा चालकाच्या उजवीकडे असतो. इर्मा डावा हात पोटावरून पलीकडे नेऊन तो ओढायची. तिसऱ्या दिवशी दुसरीतली एक चिमुरडी पायरीवर थांबून म्हणाली, "मिसेस पावलिक, तुमचा तो हात रुसलाय का?"

"हो. बस खाली."

"कुणावर रुसलाय?"

"तुझ्यावर. रोज उशीर करतेस म्हणून. बस."

सबंध ओलेस्कमध्ये, डॉक्टर आणि लॉर्न सोडून, हे फक्त त्या पोरीला कळलं होतं.

राष्ट्रीय स्पर्धा समुद्राकाठच्या शहरात होती. सात हजार खुर्च्या, चार पट्ट्या, आणि बर्फ इतका सरळ आणि वेगवान की लॉर्नने पाहिला असता तर टोपी काढली असती. गावाकडून फॅक्स येत होते. शाळेतून, धान्याच्या कोठारातून, चर्चच्या बायकांकडून, आणि ते सगळे ग्लेना हॉटेलच्या खोलीत भिंतीला चिकटवायची. पहिल्या सामन्याला ढोलताशे वाजवत आत नेलं तेव्हा इर्माच्या अंगावर सर्रकन काटा आला. खांदा ठणकत होता, तोंडात दुसरी गोळी विरघळत होती, आणि ती तिथे होती. बर्फावर. बाकावर नाही.

"तू आज इकडच्या बाजूने का घासतेयस?" बेव्हने पहिल्याच डावात विचारलं.

"इकडून दगड नीट दिसतो."

"एकोणीस वर्षं दिसत नव्हता?"

"चष्म्याचा नंबर बदललाय गं. घास."

आणि चाललं की. त्या जिंकल्या, परत जिंकल्या, एक हरल्या, परत जिंकल्या. इर्माचे स्वतःचे दोन दगड तर असे पडत होते की टीव्हीवरचा माणूस म्हणाला, पहिल्या खेळाडूंमध्ये सध्या हीच सर्वांत अचूक. घासणं मात्र खरं घासणं नव्हतं. डाव्या हाताने जोर यायचा तो दहातला सहा. दिसायला सगळं तेच, तोच वेग, तीच वाकलेली पाठ, पण ब्रशखाली वजन नाही. बाहेरून ते कुणाला कळत नाही. दगडाला कळतं.

सोमवारी ग्लेनाचा शेवटचा दगड वीतभर कमी पडला आणि सामना गेला. बुधवारी तसाच एक. ग्लेना राइमर अशी कप्तान होती की पंचवीस वर्षांत तिचा दगड कमी पडला तर लोक आधी बर्फ तपासायचे. ती बुधवारी सामना झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बसून स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिली.

"माझा अंदाज गेलाय," ती म्हणाली. "मी जोर देते तेवढा लागत नाही."

"अगं, बर्फ बदललाय," डोना म्हणाली.

"बर्फ सगळ्यांना तोच आहे. मीच कमी टाकते." मग इर्माकडे वळून, कारण दगडाबरोबर शेवटपर्यंत तीच धावायची, "तुला काय वाटलं? हातातून निघाला तेव्हाच कमी होता ना?"

इर्मा बुटाची नाडी डाव्या हाताने सोडवत होती. तिला वर बघता आलं नाही.

"थोडासा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ग्लेना सरावाची वेळ संपेपर्यंत एकटी दगड टाकत राहायची. एकामागून एक, एकामागून एक. टेसा पलीकडून ते परत ढकलायची. इर्मा काचेमागून बघायची आणि कॉफी गार व्हायची.

शुक्रवारपर्यंत हिशेब असा झाला की नऊ सामन्यांत सहा जिंकलेले, तीन हरलेले. दोन उरलेले. दोन्ही जिंकले तर पुढची फेरी. एकही हरलं तर घर.

दहावा सामना मॅनिटोबा प्रांताशी. मॅनिटोबाची कप्तान कॉरीन, उंच, शांत, दोनदा राष्ट्रीय विजेती, जी हसायची सुद्धा मोजून. नऊ डाव झाले तेव्हा सहा-सहा. दहाव्या डावात शेवटचा दगड ग्लेनाच्या हातात, आणि रिंगणात मॅनिटोबाचा एक दगड मधल्या वर्तुळाच्या जरासा बाहेर बसलेला. ग्लेनाला त्याच्यापेक्षा मध्याच्या जवळ दगड थांबवायचा होता. बस. हा दगड तिने आयुष्यात दहा हजार वेळा टाकला असेल. ओलेस्कच्या रिंकमधली पोरं सुद्धा टाकतात.

ग्लेनाने हात पुसला. परत पुसला. इर्माने ते पाहिलं. ग्लेना कधी दोनदा हात पुसत नसे.

दगड निघाला. इर्माला पहिल्या दोन पावलांतच कळलं की जोर बरोबर आहे, जरासा कमी, पण नीट घासला तर नेमका. नीट घासला तर.

"झाड," मागून ग्लेनाचा आवाज आला, आणि त्यात अशी भीती होती जी इर्माने एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. "झाड, झाड, झाडत राहा."

मग इर्माने जे चार आठवडे केलं नव्हतं ते केलं. उजव्या हातावर भार टाकला. सगळा. खांद्यातून कळ निघाली ती थेट दातांपर्यंत गेली, डोळ्यांपुढे पांढरं झालं, पण ब्रशखाली बर्फ कुरकुरला, दगड सरकत राहिला, सरकत राहिला, हद्दीची जाड रेघ ओलांडून रिंगणाकडे निघाला. बाहेरचं वर्तुळ. आतलं. आणि तिथे हात मेला. दुखला नाही, मेलाच. बोटांतून ब्रश घसरला, त्याचं डोकं मागे आलं आणि दगडाच्या काळ्या गालाला लागलं. मांजराने शेपटी फिरवावी तेवढंच. दगड दोन वीत पुढे जाऊन थांबला. मॅनिटोबाच्या दगडापेक्षा मध्याच्या जवळ. नुसत्या डोळ्यांना दिसण्याएवढा.

सात हजार लोक उठून उभे राहिले. डोनाने ब्रश डोक्यावर नेला. बेव्ह दुसऱ्या बाजूला होती, तिला दिसलं नव्हतं. पंच लांब होते. कॅमेरा ग्लेनावर होता.

चालत्या दगडाला ब्रश लागणं हा दोष, पण कर्लिंगमध्ये कुणी कुणाला पकडत नाही. ज्याचा ब्रश लागला त्यानेच सांगायचं. ओलेस्कमध्ये हे पोरांना दगड सोडायच्या आधी शिकवतात आणि त्यासाठी कुणी शाबासकी देत नाही, कारण न सांगणारा माणूस तिथे कुणाला माहीतच नाही. इर्माने विचार केला असं म्हणणं खोटं होईल. एक क्षण तिच्या मनात फक्त एवढंच आलं, की आता हे विचारतील, ब्रश घसरला कसा. आणि तेवढ्यात तिचा हात वर गेलेला होता.

डावा हात.

"लागला," ती म्हणाली. "माझा ब्रश लागला."

गोंगाट असा खाली बसला जसा उकळत्या दुधावर कुणी पाणी शिंपडावं. ग्लेना पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून सरकत आली. कॉरीन रिंगणात आली. नियमाने आता निर्णय तिचा होता. हवं तर दगड तसाच ठेवायचा, हवं तर काढायचा.

"कुठे लागला?" कॉरीनने विचारलं.

"आतल्या वर्तुळापाशी."

"लागल्यामुळे जास्त गेला की कमी?"

"मला माहीत नाही," इर्मा म्हणाली. "खरंच माहीत नाही."

कॉरीन दगडाकडे बघत राहिली. मग ग्लेनाकडे बघितलं. "मला वाईट वाटतं गं," ती म्हणाली, आणि बुटाने दगड हलकेच रिंगणाबाहेर सरकवला. मध्याच्या जवळ आता मॅनिटोबाचाच दगड उरला होता, म्हणजे गुण त्यांचा आणि सामनाही.

ग्लेनाने लगेच हात पुढे केला. चौघींनी चौघींचे हात हातात घेतले. इर्माने डावा दिला.

जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला पाजायचं आणि एका टेबलावर बसायचं, ही रीत तर सगळीकडेच. त्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये आठ बायका आणि टेसा एका लांब टेबलाला बसल्या. टीव्हीवर तो क्षण परत परत दाखवत होते. काहीच दिसत नव्हतं. म्हणून तर ते परत परत दाखवत होते.

"मी पण बघत होते," मॅनिटोबाची पहिली खेळाडू शेरिल म्हणाली, "मला काही दिसलं नाही. बाई, तू बोलली नसतीस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"म्हणून तर," कॉरीन म्हणाली आणि इर्माच्या ग्लासाला ग्लास टेकवला. "माझ्या मुलींना दाखवणार आहे मी हे."

बाजूच्या टेबलावरून एक म्हातारा उठून आला, इर्माच्या पाठीवर थाप मारली, नेमकी उजव्या खांद्यावर. इर्मा हसली. मॅनिटोबावाल्या उठून गेल्या तेव्हा तिचा ग्लास तसाच भरलेला होता.

मग चौघी उरल्या. आणि टेसा, जी आपल्या ग्लासातला बर्फ मोजत असावी.

"कबुली डाव्या हाताने दिलीस," ग्लेना म्हणाली.

इर्माने डावा हात टेबलाखाली नेला.

"हातही डावाच मिळवलास. कॉरीनला वाटलं असेल, गांगरली बिचारी. उजवा वर कर."

"ग्लेना."

"वर कर ना. टेबलाच्या वर. एवढंच."

इर्माने प्रयत्न केला. हात मांडीवरून निघाला, टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थरथरायला लागला. बेव्हने तोंडावर हात ठेवला. "चष्म्याचा नंबर," ती पुटपुटली. "चष्म्याचा नंबर म्हणे."

"कधीपासून?" ग्लेनाने विचारलं.

"अंतिम सामन्यापासून. आपल्याकडच्या."

"म्हणजे चार आठवडे. इथे दहा सामने." ग्लेनाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सोमवारचा दगड. बुधवारचा. मी तुला विचारलं होतं, इर्मा. समोर बसून विचारलं होतं, हातातून निघाला तेव्हाच कमी होता का. काय म्हणालीस तू?"

"थोडासा."

"थोडासा." ग्लेनाने आपला तळवा टेबलावर उघडा ठेवला. "चार दिवस मला वाटतंय माझा हात गेला. चार दिवस मी झोपेतून उठून हात उघडझाप करून बघतेय. नवऱ्याला फोन करून सांगितलं मी, की हा माझा शेवटचा हिवाळा, मला आता जमत नाही. तुझ्या ब्रशला दगड अर्धा इंच लागला तर तू सात हजार लोकांसमोर बोललीस. आणि मला एक वाक्य नाही सांगता आलं."

"सांगितलं असतं तर बसवलं असतंस."

"हो. बसवलं असतं."

"माहीत होतं," इर्मा म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं."

डोना टीव्हीकडे बघू लागली. टीव्हीवर परत इर्माचा डावा हात वर जात होता.

"उद्या टेसा खेळेल," ग्लेना उठत म्हणाली.

"उद्याच्या सामन्यात काही नाही, ग्लेना. आपण बाहेर आहोत. एकच सामना. मला फक्त दगड सोडू दे, घासायला टेसाला—"

"नियम तू केलास," ग्लेना म्हणाली. जॅकेटची चेन तिने हनुवटीपर्यंत ओढली आणि गेली. बेव्ह गेली. डोना जाताना इर्माच्या खुर्चीपाशी थांबली, मग तीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इर्मा बाकावर बसली. समोर अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. सामना सुरू व्हायच्या आधी टेसा सरकत कठड्यापाशी आली. तिचे कान लाल झाले होते.

"मावशी," ती म्हणाली, "मला हे मागायचं नव्हतं."

"माहीत आहे."

"या पट्टीवर डावीकडून सोडला तर किती वळतो? ग्लेना आत्या म्हणते, तुम्हालाच विचार."

इर्माने खोटं सांगायचं ठरवलं असतं तर सोपं होतं. वीतभराचा फरक आणि पोरीचा पहिला दगड भलतीकडे. तिला ते सुचलं, आणि सुचलं म्हणून तिला स्वतःची किळस आली. "पहिल्या तीन डावांत जवळजवळ सरळ जाईल," ती म्हणाली. "मग बर्फ झिजला की दोन हात वळेल. रेघेपाशी जरा घाई कर. तिथे ओल असते."

टेसाचा पहिला दगड जिथे हवा तिथेच बसला. आणि मग ती बेव्हबरोबर घासायला लागली. इर्माने कधी संघाला बाहेरून घासताना पाहिलंच नव्हतं. दगड कसे जात होते. ग्लेनाचे दगड, सोमवारपासून कमी पडणारे, एकामागून एक मध्यावर जाऊन बसत होते. चौथ्या डावात ग्लेनाने तसा एक टाकला, तो थांबेपर्यंत बघितला, मग आपल्या तळव्याकडे बघितलं. बाकाकडे बघितलं नाही.

त्या नऊ-तीनने जिंकल्या.

हात मिळवून होतात न होतात तोच निळा कोट घातलेली एक बाई कागद घेऊन बाकापाशी आली. स्पर्धेच्या समितीची होती. चेहरा आनंदाने फुललेला. दरवर्षी खेळाडू मतं देऊन सर्वांत सच्ची खेळाडू निवडतात आणि या वर्षी जवळजवळ सगळी मतं एकाच नावाला पडली होती.

"मला नको," इर्मा म्हणाली.

"अहो, असं कसं."

"तुम्हाला माहीत नाही. मी चार आठवडे संघाशी खोटं बोलले. खांदा तुटलेला असताना लपवून खेळले. आम्ही माझ्यामुळे हरलो. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

बाईने इर्माकडे बघितलं आणि तिचे डोळे पाणावले. "बघा," ती मागे वळून कुणाला तरी म्हणाली, "हे पण आपणहून सांगतेय. याला म्हणतात सच्चेपणा." आणि इर्माला कोपराने धरून बर्फावरच्या लाल गालिच्यावर नेऊन उभं केलं.

काचेची ढाल होती. जड. इर्माने ती डाव्या हाताने छातीशी धरली. उरलेल्या तीन पट्ट्यांवरच्या खेळाडूंनी बर्फावर ब्रश आपटून दाद दिली, कर्लिंगमधली सगळ्यांत मोठी दाद, जी कप्तानांना सुद्धा क्वचित मिळते. आयुष्यात पहिल्यांदा सगळं सभागृह पहिल्या खेळाडूकडे बघत होतं. बेव्हने ब्रश आपटला. डोनाने आपटला. ग्लेनाने दोनदा आपटला, नेमका दोनदा, आणि थांबली.

"कप्तान पण या ना," फोटोवाला म्हणाला. "जवळ. आणखी जवळ. मिसेस पावलिक, उजवा हात कप्तानांच्या खांद्यावर टाका."

इर्मा हलली नाही.

"टाका की. एकोणीस वर्षांच्या मैत्रिणी ना तुम्ही?"

"तिचा हात वर जात नाही," ग्लेना म्हणाली. सरळ, कॅमेऱ्याकडे बघत. "चार आठवडे झाले. कुणाला न सांगता तसंच खेळली."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. "तुटक्या हाताने? सगळे सामने?" त्याने खिशातून वही काढली. "अरे वा. हे तर लिहायलाच हवं. काय बाई आहे ही."

ग्लेनाने इर्माकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच. त्या नजरेत राग असता तर इर्मा तो घेऊन घरी गेली असती, उन्हाळाभर सांभाळला असता, आणि ऑक्टोबरात पेरोगी लाटताना कधीतरी भांडून संपवला असता. राग नव्हता. ग्लेना तिच्याकडे असं बघत होती जसं दुसऱ्या प्रांताच्या खेळाडूकडे बघतात. नीट, आदराने, आणि लांबून.

"तिचा एकटीचाच घ्या," ग्लेना म्हणाली आणि चौकटीच्या बाहेर सरकली. जाता जाता थांबली. "गाडी दहा मिनिटांत निघतेय. तुझी बॅग टेसाने खाली नेलीय."

"आता जरा हसा," फोटोवाला म्हणाला.